तबला-तानपुऱ्याचं ॲप आणि आमचं भजनी मंडळ : पाचपैकी साडेतीन स्टार

घाईत असाल तर एवढंच वाचा. घरी एकट्याने रियाज करायचा असेल तर तबला-तानपुऱ्याचं ॲप घ्या, डोळे मिटून घ्या. भजनी मंडळात लावायचं असेल तरी घ्या, पण मग त्याच्याजवळ एक कान तयार असलेली बाई कायमची बसवा, कशाला ते खाली सांगते. आणि कीर्तनात लावायचा विचार असेल तर राहूच द्या.

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. मंडळातल्या बायकांच्या फोनवर वेगवेगळी ॲप आहेत, सगळी वाजवून बघितली, आवाजात थोडं डावं-उजवं आहे पण गुण आणि खोडी सगळ्यांच्या जवळपास सारख्याच. त्यामुळे हा रिव्ह्यू एका ॲपचा नाही, त्या जातीचाच समजा.

आम्हाला याची गरज का पडली ते आधी सांगते, कारण तुमची गरज वेगळी असेल तर स्टारही वेगळे पडतील. महिला भजनी मंडळं असतात दुपारची. चैत्रातलं हळदीकुंकू, नवरात्र, अधिक महिना, कोणाची वास्तुशांत, सगळं दुपारी तीन ते पाच. आणि तबलजी कुठे असतो तेव्हा? नोकरीवर! रिटायर झालेले एखादे काका असतात पण ते सगळ्या गावाला पुरवायचे म्हणजे त्यांचेही हाल. पेटी आमच्यातल्याच एक काकू वाजवतात, टाळ-झांजा घरोघरी आहेतच, अडतं ते तबल्याशी. म्हणून फोन, एक स्पीकर आणि हे ॲप.

आधी तानपुरा, कारण तो खरंच छान आहे. चार तारा, पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटचा खर्ज, म्हणजे खालचा सा. ॲपमध्ये पहिली तार बदलता येते हे फार उपयोगी. मालकंसातला अभंग असेल तर पंचम वर्ज्य आहे ना, तिथे मध्यम लावायचा, मारवा-पूरियासाठी निषाद. बऱ्याच जणी हे बघतच नाहीत, पंचमावरच ठेवून मालकंस गातात आणि मग आज गळाच लागत नाही म्हणतात. सेटिंग उघडा हो जरा! जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता नाद, कमी-जास्त करायचाही एक सरकता पट्टा दिलाय, खऱ्या तानपुऱ्यात तारेखाली दोरा सरकवून जे करतात त्याची ही नक्कल. मिरजेच्या कारागिरांच्या हाताची सर त्याला येणार नाही (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मिळायलाच हवा होता), पण सकाळी साडेपाचला कुणाला न उठवता हळू आवाजात तास-तासभर एकसारखा तानपुरा मिळतो हे काय कमी आहे का. पूर्वी त्यासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी घ्यावी लागायची, आता ते सगळं फोनमध्ये.

पट्टीची मात्र एक कटकट. ॲप सी, सी शार्प असं दाखवतं आणि आमच्या काकूंना कळतं काळी एक, काळी चार. एकदा कागदावर लिहून फोनच्या कव्हरला चिकटवून टाका, सी शार्प म्हणजे काळी एक, डी शार्प काळी दोन, एफ शार्प काळी तीन, जी शार्प काळी चार, ए शार्प काळी पाच. आणि जुनी पेटी असेल तर ती बरोबर ४४० हर्ट्झला, म्हणजे सुराच्या ठरलेल्या मापाला लागलेली असेलच असं नाही, किंचित चढी-उतरी असते, तेव्हा ॲपमध्ये बारीक सूर मिळवायची सोय आहे का हे विकत घ्यायच्या आधी बघाच. अर्ध्या सुरात १०० सेंट, आणि पाच-सात सेंटांचा फरकही तानपुरा आणि पेटी शेजारी वाजायला लागले की कानाला टोचतो. तसं बघायला गेलं तर पेटीचा गंधारच मुळात तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, ते कुठलंच ॲप मिटवू शकत नाही. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० ते १९७१ बंदी घातली होती त्यामागे असल्या तक्रारीही होत्या. पण भजनाला पेटीशिवाय चालतं का कुठे, काकूंसमोर हा विषय काढूच नका.

आता तबला. आवाज रेकॉर्ड केलेल्या खऱ्या तबल्याचा आहे, डबड्यासारखा नाही. त्रिताल १६ मात्रा, एकताल १२, झपताल १०, रूपक ७, दादरा ६, आणि आपल्या कामाचे ८ मात्रांचे केरवा, धुमाळी, भजनी ठेका, सगळं आहे. लय आकड्यात लावायची, मिनिटाला इतक्या मात्रा अशी. रियाजाला याच्यासारखा मास्तर नाही कारण याला दया येत नाही. माणूस तबलजी असला तर तुम्ही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अर्धी मात्रा उशिरा आलात तरी तो सांभाळून घेतो, थोडा थांबतो, कोणाला कळतही नाही. हे यंत्र थांबत नाही. सम गेली म्हणजे गेली. तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) चुकली की उघडी पडते. मंडळातल्या तरुण मुली दोनेक महिने याच्यावर बसल्या आणि त्यांचा ताल इतका पक्का झाला की आता आम्हा जुन्यांनाच टोकतात. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ठेका इतका पक्का, न बदलणारा असला ना की गळा मोकळा होतो. मात्रा मोजायचं काम दुसरं कोणीतरी करतंय म्हटल्यावर मन जागा शोधायला लागतं, एकच ओळ पाच प्रकारे म्हणून बघावीशी वाटते, एकदा वरून, एकदा खालून, एकदा मध्येच तोडून. उपज उपज म्हणतात ती अशी रिकाम्या वेळात उगवते, कोणी शिकवून नाही.

म्हणून रियाजाला पाचपैकी पाच. काही बोलायचंच नाही.

भजनात मात्र गाडी वेगळ्या रुळावर जाते. भजन कोणी एकट्याने गात नाही आणि भजनाची लय एका जागी बसत नाही. गजर घ्या. सुरुवात होते नव्वदच्या आसपास, सगळ्या जणी अजून पदर सारखा करतायत, पुढच्या दोन फेऱ्यांत टाळ जमतात, मग कोणीतरी एक जण जरा वरून उचलते, झांजा जोरात येतात आणि बघता बघता दीडशेच्या पुढे. ही लय कोणी ठरवलेली नसते, कोणी हात वर करून सांगत नाही, ती सगळ्यांच्यात मिळून चढते. ॲप कुठे असतं? नव्वदला! एकटंच. मग दोनच रस्ते, एक तर सगळ्या बायका त्याच्यासाठी मागे यायच्या म्हणजे गजराचा जीव गेला, नाही तर ॲप मागे फरफटत राहणार आणि टाळ वेगळे, तबला वेगळा. पहिल्यांदा लावलं तेव्हा यजमानीणबाईंनीच स्पीकरचा आवाज हळूच कमी केला, यावरून काय ते समजा.

कंपनीला हे माहीत असणार कारण त्यांनी व्हेरिएशन नावाचं एक बटण दिलंय. ते चालू केलं की ठेका एकसुरी न राहता मधेमधे तुकडे, भरणा वगैरे वाजतो. कागदावर छान. पण तो कधी वाजणार हे ॲप आपलं आपण, कशाही हिशोबाने ठरवतं. माणूस तबलजी काय करतो, तुमची ओळ चालू आहे तोवर साधा ठेका धरतो, ओळ संपली, श्वास घेतलात, की तेवढ्या फटीत तो बोलतो आणि तुम्ही ध्रुवपदावर यायच्या आत बाजूला होतो. ॲपचं उलट. गौळणीत एखादी बाई अगदी हळुवार जागा घेतेय आणि नेमका त्याच वेळी धडाधड तुकडा, सासूबाईंनी फोनवर बोलायला घेतलं की मिक्सर लागावा तसा. वेगळं वाजवणं म्हणजे काही तिथल्या तिथे सुचणं नाही हो. तबलजीचा तुकडा तुमच्या ओळीला दिलेलं उत्तर असतं, याचा तुकडा नुसता तुकडा असतो. ते बटण बंद ठेवा, कायमचं.

आणि इथे ती बाई येते जी मी सुरुवातीला म्हटली. आमच्यातल्या एक वहिनी गायला पुढे येत नाहीत, आवाज लहान आहे म्हणतात, कायम मागे बसायच्या. त्यांच्याकडे फोन दिला, नुसता सांभाळायला. त्यांनी काय केलं, लय वाढायला लागली की प्लसचं बटण दाबायला लागल्या. सुरुवातीला आकडा बघून दाबायच्या, मग आम्ही ओरडायचो, "अहो वहिनी, वाढवा ना जरा!" पुढे त्यांनी फोनकडे बघणंच सोडलं, आता त्या गाणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघतात, अंगठा बटणावर. बाईची मान हलायला लागली, टाळवाल्यांचे खांदे उचलायला लागले की दोन-दोन आकडे, हळूहळू, कोणाला कळणार नाही असे. गजर उतरवायचा तर तसंच मायनस. गंमत म्हणजे त्या कधीकधी अर्धा क्षण आधीच वाढवतात आणि सगळ्या त्यांच्यामागे जातात, म्हणजे आता लय कोण चढवतंय हेच सांगता येत नाही. तबल्याचा त बोलता न येणारी बाई आमची तबलजी झाली. हे ॲपच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेलं नाही.

दुसरं असंच टाळांचं झालं. ॲप लग्गी, म्हणजे शेवटी ठेका भरून जलद वाजवतात ती, वाजवत नाही, वाजवतं पण वर म्हटलं तसं कशीही, म्हणून ते बंद. मग शेवटची फेरी अगदीच सपाट वाटायची. ते सहन न होऊन झांजवाल्या दोघींनी आपणहून मधल्या मात्रा भरायला सुरुवात केली, एक उघडी वाजवते, दुसरी दाबून, आणि शेवटी दोघी मिळून तीनदा तेच वाजवून समेवर येतात. कोणी शिकवलं नाही. खरा तबलजी असता तर त्या आयुष्यभर नुसतं छन छन करत बसल्या असत्या, त्यांना कधी गरजच पडली नसती. त्यामुळे ॲपला शिव्या द्यायच्या की आभार मानायचे हे माझं अजून ठरत नाहीये.

चाली बदलायच्या बाबतीत मात्र ॲपचा खरंच फायदा झाला. अभंगाचं एक बरं असतं, छंद पक्का असतो. हरिपाठाचा पहिलाच अभंग घ्या, 'देवाचिये द्वारी, उभा क्षणभरी, तेणे मुक्ती चारी, साधियेल्या', अक्षरं मोजा, सहा, सहा, सहा, चार. मोठे अभंग पुष्कळसे या मापाचे. म्हणजे एका अभंगाची चाल उचलून दुसऱ्यावर घातली की ती बसतेच, आणि ८ मात्रांतून काढून दादऱ्यात घालायची असेल तर बटण दाबून लगेच ऐकता येतं बसते का ते. पूर्वी असलं काही करून बघायचं म्हणजे तबलजींना विनवण्या. आता दुपारी जेवणं झाली की आमच्यातल्या दोघी-तिघी हेच करत बसतात. सिनेमाच्या चालींवर अभंग म्हणायचे की नाही यावर मंडळात उभे दोन तट आहेत, मी त्यात पडत नाही, फक्त एवढंच की चांगली चाल अभंगाचा अर्थ पुढे आणते आणि वाईट चाल फक्त सिनेमा आठवून देते, सिनेमातून आली म्हणून नव्हे.

भारुडाला लावणार असाल तर एक टीप, ही कुठे सापडणार नाही म्हणून लिहून ठेवते. एकनाथ महाराजांच्या भारुडात सोंग घेतलेली बाई मध्येच थांबून बोलते, समोरच्यांची फिरकी घेते, आज ज्यांच्या घरी आलोय त्यांच्या सुनेचा मोबाईल, सिरियल, पाणी न येणं, सगळं त्यात येतं आणि ते आलंच पाहिजे. नाथांनी सोळाव्या शतकात हेच केलं, त्यांच्या आजूबाजूला दिसणारे जोशी, गोंधळी, वासुदेव उचलून त्यांच्या तोंडून परमार्थ सांगितला, मग आपण आपल्या आजूबाजूचं नको का आणायला? तर अशा वेळी ठेका थांबवायचा तो पॉजने नाही, स्टॉपने. पॉज केलं तर पुन्हा सुरू होताना आवर्तनाच्या मध्येच कुठून तरी सुरू होतो आणि बाईला सम सापडत नाही. स्टॉप केलं की परत पहिल्या मात्रेपासून.

कीर्तनात का नको ते आता. वारकरी कीर्तन बघितलंय ना, मागे टाळकरी, बाजूला मृदंग, विणेकरी उभे. बुवा एक अभंग घेतात आणि त्यावर बोलत जातात, बोलता बोलता एखादी ओवी आठवते, तिचा पहिला अर्धा भाग म्हणतात, आणि उरलेला टाळकरी उचलतात, मृदंग त्याच क्षणी आत येतो. ही प्रमाणं, म्हणजे दाखल्याला घेतलेले अभंग-ओव्या, कुठली येणार हे आधी ठरलेलं नसतं. बुवांनाही नसतं माहीत, समोर कोण बसलंय, कुठे डोळे पाणावले, कुठे कोणी जांभई दिली त्यावर ठरतं. टाळकऱ्याला मात्र शेकडो अभंग आणि ओव्या पाठ असतात म्हणून तो अर्ध्या शब्दावरून ओळखतो. लोकांना वाटतं ऐनवेळी सुचणारं म्हणजे तयारी नसलेलं, इथे उलट आहे, पाठांतर एवढं दांडगं असतं म्हणूनच ऐनवेळी काही सुचू शकतं. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगातलं निरूपण असो की उत्तररंगातलं आख्यान, अनुभवी बुवा सभा बघूनच लांबवतात नाही तर आवरतात. आणि गाडगेबाबा (१८७६–१९५६) तर समोरच्या माणसांना प्रश्न विचारून त्यांच्याच उत्तरांवर कीर्तन पुढे न्यायचे. समोरच्याचं उत्तर काय येणार हे माहीत नसताना कुठलं ॲप आणि कुठला आकडा लावणार तुम्ही? तिथे ऐकणाराच मृदंगावर हवा.

आता बारीकसारीक तक्रारी. फुकटातल्या आवृत्तीत जाहिरात येते, आणि ती कुठेही येते. ध्यान लागलंय, तानपुरा चालू आहे आणि एकदम कर्जाची जाहिरात! वर्षाची वर्गणी भरली की जाते, मंडळाच्या पैशांच्या पेटीतून वाटून घेतली तर कोणाला जड होत नाही. दुसरं, फोन फ्लाइट मोडवर टाका. भरल्या गजरात कोणाच्या तरी जावयाचा फोन आला आणि तबला बंद पडून रिंगटोन स्पीकरवर वाजली की काय होतं ते आमच्याकडे झालंय, टाळवाल्यांनी तशीच लय धरून ठेवली म्हणून निभावलं. ब्लूटूथ स्पीकर असेल तर प्लस-मायनस दाबल्यावर आवाजात फरक किंचित उशिरा पडतो, वायरचा स्पीकर घ्या, वहिनींचा अंगठा वाया जाणार नाही. छोट्या स्पीकरवर डग्गा ऐकूच येत नाही आणि भजनाला तर घुमारा हवा. हॉलमध्ये स्पीकर गाणाऱ्यांच्या मागे ठेवा, पुढे नको, नाही तर ऐकणाऱ्यांना तबला आणि गाणाऱ्यांना काहीच नाही असं होतं.

लेहऱ्याची, म्हणजे तबल्याबरोबर पुन्हापुन्हा वाजणाऱ्या सुरावटीची, सोय पण आहे, तबला शिकणाऱ्या मुलांना उपयोगी, आमचा संबंध नाही म्हणून त्यावर बोलत नाही.

स्टार असे, तानपुऱ्याला साडेचार, एकट्याच्या रियाजाला पाच, मंडळाच्या भजनाला अडीच, कीर्तनाला शून्य. सरासरी काढली तर वरचे साडेतीन येत नाहीत, माहितीये, पण रियाज रोजचा असतो आणि कीर्तन कधीतरी, म्हणून रियाजाचं वजन जास्त धरलंय. आणि कुठल्याही कार्यक्रमाला तबलजी मिळत असेल तर तबलजीच बोलवा, मानधन द्या, चहाबरोबर खायलाही द्या.

ॲपवाल्यांपैकी कोणी वाचत असेल तर एवढं करा. व्हेरिएशनमध्ये तुकडा आपोआप वाजण्याऐवजी तो आमच्या हातात द्या, एक वेगळं बटण, दाबलं की पुढच्या समेपर्यंतचा तुकडा, बास. पट्टीची नावं काळी-पांढरीत द्या. आणि ते प्लसचं बटण आहे ना, ते हरभऱ्याएवढं का ठेवलंय? अर्धा स्क्रीन रिकामा पडलाय खाली. मोठं करा, वहिनींना चष्मा लावून बसावं लागतं आणि मग समोरचे चेहरे नीट दिसत नाहीत.